वर्गात मुलं किती, आणि त्यातली हुशार कोणती?

शाळेत नाव घालताना नाशकातले पालक हमखास दोन गोष्टी विचारतात. वर्गात मुलं किती आहेत, आणि शिष्यवृत्तीला बसवता का? शाळा पंचवटीतली महापालिकेची असो, सातपूरची असो की निफाड तालुक्यातली जिल्हा परिषदेची, प्रश्न तेच. दोन्ही रास्त आहेत. पण उत्तरं मिळतात ती अर्धवट, कारण पट, शिक्षक आणि ‘हुशार मुलं’ यांचं गणित जरा आडवळणाचं आहे. ते उलगडून बघू. आधी पटाचं घेतो, कारण तिथे गोंधळ जास्त आहे.

एकसष्टावं मूल

शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या शेवटी एक अनुसूची जोडलेली आहे. पहिली ते पाचवीसाठी तिचा हिशोब असा: 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 मुलांना 3, 91 ते 120 ला 4, 121 ते 200 ला 5. पट 150 च्या वर गेला की वेगळा मुख्याध्यापक. 200 च्या पुढे एका शिक्षकामागे 40 पेक्षा जास्त मुलं नकोत. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे 1 शिक्षक आणि वर्गागणिक किमान 1.

आता पेठ तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरची चौथीपर्यंतची शाळा डोळ्यांसमोर आणा. पट समजा 58. कायद्यानं शिक्षक दोन. भागाकार केला तर एका शिक्षकामागे 29 मुलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शाळेत हे प्रमाण 30 च्या खाली असावं असं म्हटलंय, त्यात ही शाळा आरामात बसते. कागदावर उत्तम.

प्रत्यक्षात वर्ग चार आणि माणसं दोन. म्हणजे एक गुरुजी पहिली-दुसरी एकत्र घेणार आणि एक बाई तिसरी-चौथी. तिसरीला वाचायला बसवायचं, तोवर चौथीला भागाकार शिकवायचा, मग उलट. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात आणि जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत ही रोजची गोष्ट आहे. तिसरीच्या मुलाला खऱ्या अर्थानं शिकवण्याचा वेळ मिळतो तो निम्मा. वर्गात मुलं 29 की 25 यापेक्षा त्याच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं.

त्याच धोरणात मागास वस्तीतल्या शाळांसाठी 25 चा आकडाही दिलेला आहे. त्या हिशोबानं आपल्या शाळेत तिसरा शिक्षक हवा. पण पदं मंजूर होतात ती शासनाच्या निकषांनी, धोरणातल्या अपेक्षांनी नव्हे.

आता याच शाळेत आणखी तीन मुलांची नावं दाखल झाली असं धरा. पट 61. अनुसूचीप्रमाणे तिसरा शिक्षक आला आणि 29 चं प्रमाण एकदम 20 वर उतरलं. तीन मुलांनी एवढा फरक पडतो. म्हणून तर जूनमध्ये मुख्याध्यापक आणि शिक्षक घरोघरी फिरतात, सहा वर्षं पूर्ण झालेलं पोर कुठे राहून गेलंय का बघतात. लोकांना वाटतं जाहिरात चाललीय. पटाच्या काठावर उभ्या असलेल्या शाळेत ती एका माणसाच्या नोकरीची आणि दोन वर्गांच्या शिकण्याची बाब असते.

हा पट मोजतात 30 सप्टेंबरला. त्या आकड्यावर संच मान्यता होते, म्हणजे कोणत्या शाळेला किती पदं मंजूर याचा कागद निघतो. पद कमी झालं की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं. अलीकडे आधार क्रमांक वैध ठरलेलीच मुलं धरतात. म्हणजे रोज येऊन बसणारं, डबा खाणारं, पाढे म्हणणारं मूल आधारवर नावाची वेलांटी चुकली म्हणून मोजणीत नसू शकतं.

नियम एवढे ताठ का, तर आधी फार ढिले होते म्हणून. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत दाखवू नये म्हणून बोटांना शाई लावली. हजेरीपटावर होती आणि वर्गात नव्हती अशी मुलं इतकी निघाली की प्रकरण न्यायालयात गेलं. त्यानंतर आकड्यांवरचा अविश्वास सरकारच्या अंगवळणीच पडला.

नाशिक जिल्ह्यात या तारखेची एक खास गंमत आहे. (गंमत म्हणजे कोणासाठी, हा भाग वेगळा.) सप्टेंबरअखेर सुरगाणा, पेठची बरीच कुटुंबं घरीच असतात, भाताची कापणी व्हायची असते. पुढे द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी, निफाडकडे माणसं उतरतात ती थेट काढणी संपेपर्यंत. घरी सांभाळायला कोणी नसेल तर पोरंही सोबत. पाड्यावरच्या शाळेचा पट कागदावर तेवढाच राहतो, बाकं रिकामी होतात. आणि बागेजवळच्या शाळेत नवी मुलं येऊन बसतात, ज्यांच्यासाठी तिथे शिक्षक मंजूरच नसतो.

शहरात चित्र निराळं. महापालिकेच्या शाळांत मराठीबरोबर हिंदी आणि उर्दू माध्यमाचे वर्गही आहेत. सातपूर, अंबडच्या कारखान्यांमुळे परप्रांतातली कुटुंबं येतात, त्यांच्या मुलांना हिंदी माध्यम लागतं. एका माध्यमाकडे शिक्षक जास्त झाले म्हणून ते दुसऱ्या माध्यमाला देता येत नाहीत. शिवाय जुन्या वस्तीतली घरं रिकामी होऊन लोक नव्या कॉलन्यांत राहायला गेले, तरी शाळेची इमारत काही त्यांच्या मागून चालत जात नाही. सगळ्या शाळा मिळून सरासरी काढली की ती सुरेख दिसते. ती बघून कोणी ‘आपल्याकडे तर शिक्षकांमागे मुलं कमीच आहेत’ असं म्हणालं, तर त्याला सरळ विचारावं: कोणत्या इमारतीत, कोणत्या माध्यमात, कितवीच्या वर्गात?

आणखी एक. मंजूर शिक्षक आणि आज सकाळी वर्गात उभा असलेला शिक्षक यांतही अंतर असतं. रिक्त पदं 10 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नयेत असं कायद्याचं 26 वं कलम सांगतं. 27 वं कलम सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शाळाबाह्य कामाला जुंपू नये. या तीन सवलतींतून किती दिवस निघून जातात हे बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम दिलेल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. त्यात ऑनलाइन माहिती भरणं आणि पोषण आहाराच्या नोंदी. दोनशिक्षकी शाळेतला एक जण प्रशिक्षणाला गेला की त्या दिवशी 58 मुलांना एक माणूस, सरासरी काहीही म्हणो.

लहान वर्गानं खरंच फरक पडतो का?

पडतो, पण आपोआप नाही. या प्रश्नावर जगात बराच अभ्यास झालाय आणि तो सगळा एका दिशेनं बोट दाखवत नाही. म्हणून ‘वर्ग लहान करा म्हणजे झालं’ म्हणणारे आणि ‘पटाचा काही संबंध नाही, शिक्षक चांगला हवा’ म्हणणारे, दोघांनाही आपापल्या सोयीचा पुरावा सापडतो.

सगळ्यांत नावाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला. 1985 पासून चार वर्षं, 79 शाळा, बालवाडी ते तिसरीची 11 हजारांवर मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं आणि शिक्षक तीन प्रकारच्या वर्गांत वाटले: 13 ते 17 मुलांचा लहान वर्ग, 22 ते 25 चा नेहमीचा वर्ग, आणि नेहमीचाच वर्ग पण शिक्षकाला एक मदतनीस. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात स्पष्ट पुढे गेली. गरीब घरच्या आणि कृष्णवर्णीय मुलांना फायदा जास्त झाला. मदतनीस दिल्यानं मात्र जवळपास काहीच बदललं नाही. आपल्यासाठी यातली मेख अशी की त्यांचा ‘मोठा’ वर्ग 25 चा होता. 60 चे 40 केले तर काय होईल, हे टेनेसी सांगत नाही.

हा निकाल पाहून कॅलिफोर्नियानं 1996 मध्ये राज्यभर सुरुवातीच्या इयत्तांचे वर्ग 30 वरून 20 वर आणायला घेतले. एकदम हजारो शिक्षक लागले. गरीब वस्तीतल्या शाळांमधले अनुभवी शिक्षक चांगल्या भागात निघून गेले आणि त्यांच्या जागी पात्रता नसलेले भरावे लागले. खर्च प्रचंड झाला, फायदा किती झाला ते धड सांगता येईना.

इस्रायलमध्ये नियम 40 चा: 41 वं मूल आलं की तुकडी फुटते आणि 20-21 चे दोन वर्ग होतात. आपल्या एकसष्टाव्या मुलासारखंच. जोशुआ अँग्रिस्ट आणि व्हिक्टर लॅव्ही या अर्थशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये या उडीचाच वापर करून दाखवलं की लहान वर्गातली चौथी-पाचवीची मुलं पुढे होती. पुढे नव्या वर्षांची आकडेवारी घेऊन त्यांनीच सहकाऱ्यांसह पुन्हा तपासलं, तेव्हा परिणाम दिसला नाही. तोही निकाल त्यांनी छापला, याचं मला कौतुक वाटतं.

आणि मग आपल्या घराजवळचा पुरावा. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेनं बालसखी नावाचा उपक्रम चालवला. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या 15-20 मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी रोज दोन तास वेगळं बसवून अक्षरओळख आणि आकडेमोड शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं. बाहेर नेलेली मुलं चांगली सुधारली. पण मूळ वर्गात जी उरली, त्यांचा वर्ग त्या दोन तासांपुरता लहान झाला होता ना? त्यांच्यात काही विशेष बदल झाला नाही.

का नाही झाला? कारण शिक्षक जे आधी करत होते तेच करत राहिले. फळ्यावर लिहिलं, मुलांनी उतरवून घेतलं. उतरवून घेणारी मुलं 45 आहेत की 28, फळ्याला काय त्याचं.

503 वजा 187

लहान वर्गाचा उपयोग नेमका कुठे होतो ते एका उदाहरणात बघू. चौथीच्या वर्गात 503 वजा 187 ही वजाबाकी दिली. उत्तर 316.

एका मुलानं लिहिलं 484. चूक, लाल फुली. पण वही हातात घेऊन बघितलं तर कळतं की त्यानं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय: 7 मधून 3 गेले 4, 8 मधून 0 गेला 8, 5 मधून 1 गेला 4. म्हणजे वजाबाकी त्याला येते, हातचा घेणं समजलेलं नाही, आणि मधल्या शून्यापुढे तर तो पार अडकतो. त्याला आणखी वीस गणितं देऊन वीस वेळा तीच चूक होईल. त्याच्याजवळ दहा मिनिटं बसून दशकाचे गठ्ठे सोडून दाखवले पाहिजेत.

दुसऱ्या मुलीनं नुसतं 316 लिहिलं. रीत नाही, हातचा नाही. विचारलं तर म्हणते, 187 ला 200 करायला 13 लागतात, 200 पासून 503 पर्यंत 303, झाले 316. तिला ही पद्धत कोणी शिकवलेली नाही. बऱ्याच वर्गांत तिला ‘रीत लिही’ म्हणून अर्धा गुण कापला जाईल. वर ती आपलं झाल्यावर शेजारणीशी बोलते म्हणून ओरडा बसेल.

मागे पडलेलं मूल आणि पुढे गेलेलं मूल, दोघंही एकाच गणितात दिसतात. पण दिसायला वही बघावी लागते आणि ‘तू हे कसं केलंस?’ विचारावं लागतं. 40 मिनिटांची तासिका आणि 40 मुलं, म्हणजे फळ्याकडे तोंड न वळवताही एकेकाला एक मिनिट. 40 वह्या दोन-दोन मिनिटं तपासायच्या तर 80 मिनिटं, ती शाळा सुटल्यावर किंवा घरी. 20 मुलं असली तर हे जमण्यासारखं होतं. लहान वर्ग एवढंच देतो: वेळ. तो वेळ वही बघण्यात गेला तर टेनेसी, नाही तर मुंबई-वडोदऱ्यातल्या उरलेल्या मुलांचं झालं तसं.

हुशार मुलांसाठी आपल्याकडे काय आहे

सरकारी प्राथमिक शाळेत त्या मुलीसाठी वेगळा असा वर्ग नाही. आहेत त्या परीक्षा. शिष्यवृत्ती परीक्षा 1954-55 पासून चालू आहे, पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. 300 गुण: पहिल्या पेपरात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजीसारखी आणखी एक भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. पूर्वी ती चौथी-सातवीला होती, 2016-17 पासून पाचवी-आठवीला गेली आणि 2025 मध्ये पुन्हा चौथी-सातवीवर आणायचा निर्णय झाला. माझ्या मते ते बरं झालं. ग्रामीण भागातल्या कित्येक जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच असतात. परीक्षा पाचवीला गेली आणि या शाळांचा तिच्याशी संबंधच तुटला. रक्कम वर्षानुवर्षं चहापाण्याइतकी होती, 2023 मध्ये ती पाचवीसाठी वर्षाला 5,000 आणि आठवीसाठी 7,500 रुपये झाली.

दुसरी वाट नवोदयची. 1986 च्या शैक्षणिक धोरणातून आलेली ही निवासी विद्यालयं, साधारणपणे जिल्ह्याला एक. आपलं दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे. सहावीला 80 जागा, त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांसाठी. 15 तालुक्यांच्या जिल्ह्यात 80. शिक्षण चांगलं आणि फुकट, पण जी मुलं पात्र असूनही जागेअभावी राहतील ती आपल्या गावच्या शाळेतच राहणार. जिल्हा परिषदेचा ‘सुपर 50’ उपक्रम आहे, पण तो अकरावी-बारावीच्या मुलांना जेईई, नीटची तयारी करून देण्यासाठी. तिथवर पोचायला आधी चौथीत कोणीतरी 503 वजा 187 बघितलेलं असावं लागतं.

सरकारी व्यवस्थेबाहेर पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीनं 1962 पासून बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचं काम केलं आणि पुढे त्यासाठी वेगळी प्रशालाही काढली. महाराष्ट्रात या विषयावर पद्धतशीर विचार करणारी माणसं बरीचशी तिथूनच आली.

आता या निवडीत काय मोजलं जातं ते बघा. बुद्धिमत्ता चाचणीत संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, गटात न बसणारा शब्द असे प्रकार असतात. ते सोडवायला डोकं लागतंच. पण कॉलेज रोडवरच्या क्लासमध्ये वर्षभर सरावसंच सोडवलेलं मूल आणि ‘आरशातली प्रतिमा’ हा प्रकार परीक्षेतच पहिल्यांदा बघणारं मूल, यांच्यातला फरक डोक्याचा नसतो. त्यात सुरगाण्याचं मूल घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतं, प्रश्नपत्रिका पुस्तकी मराठीत. आणि सर्वांत आधी, त्याचा फॉर्म कोणीतरी भरलेला असावा लागतो.

या शेवटच्या मुद्द्यावर एक फार बोलका अभ्यास आहे. फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्यात हुशार मुलांचे खास वर्ग होते. पालकांनी किंवा शिक्षकांनी नाव सुचवलं तरच मुलाची चाचणी व्हायची. 2005 मध्ये त्यांनी ठरवलं की दुसरीतल्या सरसकट सगळ्या मुलांना शब्द न वापरता, आकृत्यांवर आधारलेली छोटी चाचणी द्यायची. निकष तेच. तरी निवडल्या गेलेल्या गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या झपाट्यानं वाढली. ही मुलं आधीही तिथेच बसत होती, कोणी त्यांचं नाव सुचवत नव्हतं एवढंच. पुढे पैसे नाहीत म्हणून सगळ्यांची चाचणी बंद झाली आणि आकडे पुन्हा पूर्वपदावर आले. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो यांनी हे तपासलं. त्याच जिल्ह्याबद्दल त्यांना आणखी एक गोष्ट दिसली: वर्गात जागा उरली म्हणून बुद्ध्यांकाच्या नव्हे, आदल्या वर्षीच्या गुणांच्या जोरावर जी मुलं घेतली, त्यांनाच या वर्गाचा फायदा झाला, त्यातही अल्पसंख्य समाजातल्या मुलांना जास्त. बुद्ध्यांकाची रेषा जेमतेम ओलांडून आलेल्यांच्या गुणांत खास फरक पडला नाही.

बुद्ध्यांकाच्या रेषेची आणखी एक जुनी कथा आहे. 1921 मध्ये कॅलिफोर्नियात लुइस टर्मन यांनी चाचण्या घेऊन दीड हजारांवर असामान्य मुलं निवडली आणि जन्मभर त्यांचा मागोवा घेतला. विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ या दोघांची चाचणी झाली होती, पण ते त्या रेषेखाली राहिले. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. टर्मननी निवडलेल्यांपैकी कोणालाही मिळालं नाही.

न्यूयॉर्क शहर तर चार वर्षांच्या पोरांची परीक्षा घेऊन त्यांना हुशारांच्या वर्गात घालायचं. त्यासाठी खासगी शिकवण्या निघाल्या. ती परीक्षा 2021 मध्ये बंद पडली. हे वाचून हसू नका. ज्युनियर केजीच्या मुलाखतीची तयारी करून घेणारे आपल्याकडे कमी नाहीत, शिक्षण हक्क कायद्याचं 13 वं कलम शाळाप्रवेशात अशा चाळणीला मनाई करतं तरी.

मग अ तुकडी वेगळी करावी का?

आपल्यातल्या अनेकांनी अ, ब, क, ड तुकड्या पाहिल्यात. अ मध्ये पहिले नंबर, ड मध्ये ‘ढ’. ड तुकडीला शिकवायला कोण जायचं तेही सगळ्यांना आठवत असेल. त्यामुळे मुलं वेगळी करणं म्हटलं की अंगावर काटा येतो, आणि ते योग्यच आहे. पण इथे एक पुरावा असा आहे की थोडं थांबून विचार करावा लागतो.

पश्चिम केनियातल्या 121 प्राथमिक शाळांत पहिलीच्या वर्गात 80 च्या आसपास मुलं होती. एक जादा शिक्षक देऊन प्रत्येक वर्गाच्या दोन तुकड्या केल्या. निम्म्या शाळांत मुलं कशीही वाटली, निम्म्या शाळांत सुरुवातीच्या गुणांनुसार, वरची एका तुकडीत, खालची दुसऱ्या. दीड वर्षानं पाहिलं तर गुणांनुसार वाटलेल्या शाळांत दोन्ही तुकड्या पुढे गेल्या. वरची गेली हे अपेक्षित होतं, खालचीही गेली. अगदी काठावरून खालच्या तुकडीत पडलेल्या मुलांचंही नुकसान झालं नाही. डुफ्लो, पास्कलीन डुपा आणि मायकल क्रेमर यांचा हा अभ्यास. नुसता वर्ग निम्मा झाल्यानं नेहमीच्या शिक्षकांच्या हाताखालच्या मुलांचे गुण फारसे हलले नव्हते, हेही तिथेच दिसलं. फरक पडला तो शिक्षकाला समोरच्या सगळ्या मुलांना झेपेल तिथून सुरुवात करता आली म्हणून.

पण तिथे खालच्या तुकडीला शिक्षक मिळाला होता. चिठ्ठी टाकून, वरच्या तुकडीसारखाच. आपल्या ड तुकडीला जे मिळालं नाही ते हेच. आणि तिथे पट 80 होता, म्हणून दोन तुकड्या करता आल्या. चौथीत 22 मुलं असलेल्या शाळेत तुकडी कशाची पाडणार?

तिथे उपाय दुसरा आहे आणि तो महाराष्ट्रात नवा नाही. बालसखीच्या अनुभवावरूनच ‘प्रथम’नं तो पुढे वाढवला. दिवसातला एक तास इयत्ता विसरायची. दुसरी ते पाचवीची मुलं वाचनाच्या आणि गणिताच्या पातळीनुसार बसवायची: अक्षरं येणारी इथे, शब्द वाचणारी तिथे, गोष्ट वाचणारी त्या ओट्यावर. महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा तपासून गट बदलायचे. वाचनात पुढे असलेलं मूल गणितात मागच्या गटात असू शकतं, त्यामुळे कोणाच्या कपाळावर शिक्का बसत नाही. हे बहुतेक वेळा मागे पडलेल्यांसाठी करतात. पण आपली 316 वाली मुलगीही त्या एका तासात पाचवीच्या मुलांबरोबर अपूर्णांक सोडवू शकते. वेगळा शिक्षक, वेगळी इमारत, शासन निर्णय, काही लागत नाही. ज्या दोनशिक्षकी शाळेत बहुवर्ग अध्यापन नाइलाजानं चालतं, तिथे तर मुलं आधीच मिसळून बसलेली असतात.

याउलट ‘शिष्यवृत्तीची बॅच’ बऱ्याच ठिकाणी कशी चालते? शाळेतला सर्वांत चांगला शिक्षक निवडक दहा-बारा मुलांना घेऊन बसतो, निकालाचा फलक गेटवर लागतो, आणि त्या काळात उरलेल्या मुलांवर दुसऱ्याच वर्गाचे गुरुजी लांबून लक्ष ठेवतात. जादा तास शाळेआधी किंवा नंतर असेल तर माझी तक्रार नाही, उलट अशा शिक्षकांना हात जोडावेत. तो नेमका वेळापत्रकातला तास खात असेल तर त्याची किंमत कोण मोजतंय ते बघायला हवं.

धोरणात या मुलांचा उल्लेख आहे. बी.एड. मध्ये बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचं विशेष प्रशिक्षण, विषयवार मंडळं, ऑलिंपियाड असं बरंच काही 2020 च्या दस्तऐवजात लिहिलंय. पाड्यावर ते पोचेल तेव्हा पोचेल. तोवर पालकाच्या हातात एक गोष्ट आहे: शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याच्या 21 व्या कलमानुसार तिच्यात 75 टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. ही समिती म्हणजे 15 ऑगस्टला खुर्चीवर बसण्याची सोय नव्हे.

तिच्या बैठकीत संच मान्यतेचा कागद मागा. मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि या महिन्यात त्यातले किती जण किती दिवस बाहेरच्या कामावर होते? शिष्यवृत्तीला चौथीतली सगळी मुलं बसवली की निवडक, आणि निवडली तर कोणी, कशावरून? जादा तास घड्याळात कधी आहे? द्राक्षबागेवरून आलेली मुलं हजेरीपटावर घेतली का? आणि जमलं तर आपल्याच मुलाची गणिताची वही उघडून बघा, लाल फुलीच्या शेजारी बाईंनी किंवा गुरुजींनी काही लिहिलंय का ते.